डुकराला डाळिंबी दिसत नाही

१४ सप्टेंबर

"तू गणित कर, मी राखन करतो."

हे हिरालालभाऊ बोलला तेव्हा मी दहावीत होते. त्या संध्याकाळी राखणीची पाळी माझी होती. त्याने माझ्या हातातला कंदील घेतला आणि तो मचाणाकडे निघून गेला. त्या एका वाक्याने आमच्या घरात कामाची वाटणी झाली. अजून ती कुणी मोडलेली नाही. मी गोंदियाला कॉलेजात गणित शिकवते. तो नवेगाव बांधच्या अलीकडे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, धान राखतो. माझ्याकडून मुलं फारसं गणित घेत नाहीत आणि त्याच्याकडून डुकरं बरंच धान घेतात. तरी दोघेही आपापल्या जागी टिकून आहोत.

आता मी त्याच्या राखणीवरच गणित करणार आहे. कारण इथं खरं लिहिते, कॉलेजला दिलेल्या संशोधनाच्या अर्जात वेगळं लिहिलं आहे.

धान निसवला की गावात सगळे धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, बांबू रोवतात आणि जुन्या साड्या ताणून बांधतात. वाऱ्यावर साडी फडफडते, रानडुक्कर बिचकतं. निदान तसं मानायचं असतं. यंदा आमच्या धुऱ्यावर आईच्या साड्या आहेत. आई पौषात गेली. दिवस झाल्यावर रुख्मावहिनीने पेटी उघडून सगळ्या बायकांसमोर मला विचारलं, बाई, तुम्हाला कोणती पाहिजे? मी मोठ्या रुबाबात म्हटलं, मला काही नको. मनात होतं की कुणीतरी आग्रह करील. आमच्याकडे आग्रह जेवणाचा करतात, साडीचा नाही.

आणि पोळ्याला गेले तर जंगलाकडच्या कोपऱ्यावर ती डाळिंबी साडी. पिवळ्या काठाची, सुती. मी पहिल्यांदा वर्गावर उभी राहिले त्या दिवशी आई ती नेसून गोंदियाला आली होती. वर्गात यायला लाजली, तास संपेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. आता ती साडी डुकरांच्या सेवेत आहे.

मला ती परत हवी आहे. "काही नको" म्हणून बसल्यावर सरळ मागायची सोय नाही. म्हणून शास्त्र. डुकराच्या डोळ्याला लाल रंग नीट दिसत नाही, मळकट दिसतो. निळा दिसतो. ही डाळिंबी साडी कुंपणावर निरुपयोगी आहे असं गणिताने सिद्ध करायचं आणि भाऊबीजेला सन्मानाने उतरवून घ्यायची.

एका साडीसाठी एवढं? हो, एवढं.

१७ सप्टेंबर

अर्जाचं शीर्षक: दृश्य उद्दीपकांना रानडुकरांच्या हालचालींचा प्रतिसाद, एक गणिती प्रारूप. प्राचार्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, यात एआय कुठं आहे? मी म्हटलं, सर, यात डुक्कर आहे. ते म्हणाले, एआय टाका, डुक्कर राहू द्या. टाकलं.

धर्मेंद्रने जेवताना सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की माणसांवरचं गणित संपलं का. वीस वर्षं झाली लग्नाला. याचं उत्तर त्याला मिळायला हवं होतं एव्हाना.

प्राणिशास्त्राच्या रीना मॅडम मात्र खूष. त्यांच्या कपाटात कॅमेरे पडून होते, झाडाला बांधायचे ते, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे. फोटो संगणकात टाकले की तो स्वतःच तीन कप्पे करतो. प्राणी, रिकामे, माणूस. माणसांचा कप्पा उघडायचा नाही, तो नियमच आहे, कुणाचंही खाजगी काही असू शकतं. शिवाय रीना मॅडमचं मत वेगळं. "मॅडम, आदमी का फोटो डेटा नहीं होता, झंझट होता है."

पटलं.

२१ सप्टेंबर

कॅमेरे लावून आले. भाऊने बांबू रोवून दिले, तार बांधून दिली आणि कौतुकाचा एक शब्द खर्च केला नाही. मी विचारलं, तुझी हरकत नाही ना? तो म्हणाला, "डुकरं फोटो काढाले नाई नाई म्हनत, त मी काऊन म्हनू?"

मी त्याला समजावलं. प्रत्येक साडी डुकराला मागे ढकलते असं मी धरते. साडी जवळ असेल, मोठी दिसेल, फडफडत असेल तर धक्का जास्त. रोज तीच दिसली तर सवय होते, धक्का कमी. रंग दिसत नसेल तर जवळजवळ नाहीच. त्याने तंबाखू मळत सगळं ऐकलं. मग म्हणाला की हे गावातल्या जावयांनाही लागू आहे.

डाळिंबी साडीपाशी गेले. उन्हाने एक बाजू फिकी झाली आहे. बाकीच्या साड्यांच्या गाठी कुणीही कशाही मारलेल्या, हिची मात्र प्रत्येक बांबूला नीट दुहेरी गाठ. भाऊला म्हटलं, एवढी पक्की कशाला? तो दुसऱ्या कॅमेऱ्याकडे निघून गेला. मला वाटलं होतं, निदान डोळे तरी ओले होतील. आईला पोचवून आला त्या दिवशीही याने बैलांना पाणी दाखवलं आणि मग अंघोळ केली. काही माणसांच्या आत धानाचा कोंडाच असतो.

वहिनीचं वेगळंच गाऱ्हाणं. आई होती तोवर सांजच्याला किटलीत चहा घेऊन त्या कोपऱ्यापर्यंत जायची, भाऊ तिथंच बसून प्यायचा. आता वहिनी चहा न्यायला निघाली की तो म्हणतो, नको आणू, मी घरी येऊन पिईन. आणि येतो तो चहा गार झाल्यावर. "मले त काही समजून नाई राहिलं बाई," वहिनी म्हणाली. मी सांगितलं, पित्त झालं असेल. या वयात चहा सोसत नाही.

२८ सप्टेंबर

प्रारूप चालू लागलं. पडद्यावर आमचं शेत, धुऱ्यावर रंगीत रेघा म्हणजे साड्या, आणि काळे ठिपके म्हणजे डुकरं. ठिपके जंगलातून येतात, निळ्या रेघेसमोर थबकतात, वळतात, डाळिंबी रेघेतून मजेत आत शिरतात. मी जे घातलं तेच बाहेर आलं. प्रारूपांचा हाच गुण मला सर्वांत आवडतो.

प्रत्येक साडीला एक अंक दिला आहे, तिच्यामुळे डुक्कर किती दचकतं याचा. शोधनिबंधात त्याला भारदस्त नाव आहे, इथं दचक म्हणते. डाळिंबीचा दचक शून्याच्या आसपास यायला पाहिजे. आता फक्त खऱ्या डुकरांनी सहकार्य करायचं बाकी आहे.

३ ऑक्टोबर

कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याची बॅटरी पुन्हा संपली. बाकी सगळ्यांच्या चालू आहेत. रीना मॅडम म्हणाल्या, समोर गवत हलत असेल. भाऊला फोन करून गवत कापायला सांगितलं. म्हणाला, तिथं गवत नाहीच, दबून गेलं आहे सगळं. मग डुकरांनीच दाबलं असणार. म्हणजे माझंच खरं, ती तिथूनच शिरतात.

९ ऑक्टोबर

डुकरांनी दगा दिला.

आतापर्यंतचे सगळे फोटो प्रारूपात घातले. निळ्या साडीचा दचक बरा आहे. हिरव्याचा ठीकठाक. एका फुलाफुलांच्या नायलॉन साडीला डुकरं चक्क अंग घासतात. आणि डाळिंबी साडीचा दचक सगळ्यांपेक्षा जास्त. जास्त म्हणजे किती, तर तिच्या आसपास डुक्कर फिरकतच नाही. जंगलातून सरळ तिकडे निघालेले ठिपके लांबूनच वळतात आणि फेरा घालून नायलॉनकडे जातात. सवयीने धक्का कमी व्हायला हवा, तोही होत नाही. उलट वाढतो आहे.

हे अशक्य आहे. जे डोळ्याला दिसत नाही त्याला डोळा घाबरेल कसा?

फडफड जास्त धरून पाहिली. वाऱ्याची दिशा बदलली. काठाचा पिवळा रंग वेगळा काढला. मी समीकरणाची जेवढी मनधरणी केली तेवढी कधी माझ्या नवऱ्याचीही केली नव्हती. उत्तर तेच.

म्हणजे माझ्या स्वतःच्या गणितानुसार, अख्ख्या धुऱ्यावर काढू नये अशी एकच साडी आहे, आणि ती आईची डाळिंबी. आता भाऊबीजेला काय म्हणू? भाऊ, तुझ्या शेताची उत्तम राखण करणारी साडी मला दे आणि डुकरांना जेवायला बोलाव?

आई वर बसून हसत असेल. तिला माझं गणित कधी कळलं नाही, पण मी हरले की तिला बरोबर कळायचं.

१२ ऑक्टोबर

गावी जाऊन आले. काहीतरी चुकतं आहे ते डोळ्यांनी पाहावं म्हणून.

चुकत होतं ते सापडलंसं वाटलं. डाळिंबी साडीच्या समोर खताचं रिकामं पोतं अंथरलेलं, पुढं चुन्याची डबी. मी भाऊवर चिडले. म्हटलं, हा प्रयोगाचा भाग आहे, इथं मजुरांना बसू देऊ नकोस, सगळा निकाल बिघडतो. त्याने पोतं उचललं, झटकलं, घडी करून काखेत मारलं. डबी खिशात टाकली. मजुरांची डबी याने कशाला घ्यावी, पण तंबाखू खाणाऱ्यांत असला परकेपणा नसतो.

मग मीच हट्टाला पेटले. आकडे माझ्याविरुद्ध आहेत हे सांगितलंच नाही. म्हटलं, शास्त्र सांगतं की डुकराला हा रंग दिसत नाही. ही साडी काढ आणि इथं एखादी निळी लाव. ही मी नेते, अभ्यासाला.

तो साडीकडे बघत राहिला. वारा नव्हता, ती नुसती लोंबत होती.

"त्याले नाई दिसत त नाई दिसत," तो म्हणाला. "मले दिसते न."

एवढं बोलून तो पाणी बघायला निघून गेला. अशा माणसाला शास्त्र काय सांगणार? धुरा लांबून ओळखू यावा म्हणून कुणी आईची साडी बांधतं का? लाल चिंधी पुरली असती.

परतीच्या बसमध्ये वाटलं, मी थोडी जास्तच बोलले. मग वाटलं, नाही, थोडी कमीच.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज.

ठरवलं होतं की ओवाळून झाल्यावर तो ताटात काही टाकायच्या आत मागायचं. आज तरी त्याला नाही म्हणता आलं नसतं. आकडे गेले खड्ड्यात.

पाट मांडला, रांगोळी काढली. भाऊ नवा पांढरा बनियन घालून बसला, केसांना तेल. ओवाळताना पाहिलं, त्याच्या कानामागचे केस अगदी आईसारखे पांढरे झाले आहेत. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने पाटाखालून पिशवी काढून माझ्यापुढे धरली. आत साडी. निळी. डोळ्यात खुपेल अशी निळी, चंदेरी काठ. अर्जुनी मोरगावच्या बाजारात जाऊन त्याने स्वतः निवडली, वहिनीलाही सोबत नेलं नाही.

"निळीच घेतली बाई," म्हणाला. "तू म्हने का डुकराले निळा दिसते. रानाच्या रस्त्यानं येशीन त कामी पडन."

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. मग हसता हसता रडायला आलं, ते निरांजनाच्या धुरावर ढकललं. भाऊने तेही ऐकून घेतलं, निरांजनाला धूर नसतो असं म्हणाला नाही.

मागायचं राहून गेलं. नव्या साडीची घडी हातात घेऊन जुनी कशी मागायची?

चहा पिऊन झाल्यावर दिवस कलला तसा तो उठला. चपला घातल्या. सणाच्या दिवशीही कुठं, मी विचारलं. येतो म्हणाला. वहिनीने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. भाऊबीज वर्षातून एकदा येते आणि याला सांजच्या वेळी बाहेर सुचतं. पानठेल्यावर मित्र जमले असतील. पिशवीसारखं काही काखेत होतं.

मी शेवटच्या बसने निघाले तोवर तो आला नव्हता.

२९ ऑक्टोबर

रीना मॅडमचा सकाळी फोन. संगणक भरून गेला आहे. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचा माणूस-कप्पा एवढा मोठा झाला आहे की दुसरं काही मावत नाही. पुसून टाकू का? प्रयोग तुमचा, शेत तुमचं, एकदा वरवर बघून हो म्हणा.

वरवर बघायला बसले.

पहिल्या फोटोत पाठ. बनियन, खांद्यावर दुपट्टा. समोर डाळिंबी साडी. दुसऱ्यात तीच पाठ. तिसऱ्यात तोंड बाजूला वळवलेलं, हातावर तंबाखू. भाऊ. पोत्यावर मांडी घालून बसलेला. उजेड सांजचा, रोज तोच, तिरपा. मी खाली खाली जात राहिले. एकात तो उभा राहून गाठ आवळतो आहे. एकात पाऊस आहे आणि तो तरीही बसलेला आहे. एकात तोंड उघडं आहे, कान रिकामे, फोन नाही, जवळपास कुणीच नाही, आणि हात पुढे करून तो काहीतरी पटवून देतो आहे. कॅमेऱ्याला आवाज टिपता येत नाही. मी तो फोटो मोठा करून पाहिला, जणू त्याने ऐकू येणार होतं.

भाऊबीजेचाही आहे. नवा बनियन.

मी पोतं उचलायला लावलं त्या संध्याकाळचाही आहे. पोतं नाही. मातीवर बसला आहे.

आता शास्त्र. डुकराचं नाक त्याच्या डोळ्यापेक्षा कितीतरी तल्लख. ज्या जागी रोज माणूस बसतो, तंबाखू थुंकतो, तिथून ते लांबूनच वळणार. साडीचा काही संबंध नाही. आजवर मी जो दचक मोजला तो भाऊचा होता. डाळिंबीचा खरा दचक शून्यच. मी पहिल्या दिवशी म्हटलं तेच.

म्हणजे मी जिंकले. निकाल माझ्या बाजूने आहे, पुराव्याचे फोटो आहेत, उद्या गावी जाऊन साडी उतरवता येईल.

रीना मॅडमना कळवलं, पुसू नका. त्यांनी विचारलं, क्यों, काम का है क्या? मी म्हटलं, प्राण्याचे आहेत, चुकून दुसऱ्या कप्प्यात गेले.

२ नोव्हेंबर

भाऊचा ठिपकाही प्रारूपात घातला. निरुपयोगी काम आहे, कुठंही छापून येणार नाही, प्राचार्य यातही एआय शोधतील. पण घातला. सगळे ठिपके साडी दिसली की दूर जातात. हा एक रोज सांजच्याला तिच्याकडे येतो, तिच्यापुढे थांबतो. सूत्र तेच, फक्त चिन्ह उलटं करावं लागतं. एवढ्याशा आडव्या रेघेचा फरक. ती मला इतके दिवस कुठंच लिहावीशी वाटली नव्हती.

धर्मेंद्र पाठीमागे येऊन उभा राहिला. विचारलं, हे कोणतं डुक्कर? मी म्हटलं, आमच्या घरचं. तो हसला नाही. जेवायला वाढतो म्हणाला, आणि खरंच वाढलं.

वहिनीचा फोन आला होता. धान पिकला, येत्या आठवड्यात कापणी, मग साड्या सोडून घडी करून ठेवतील. बोलता बोलता म्हणाली, बाई, ती कोपऱ्यावरची तुम्हाला पाहिजे होती का? तेव्हा नको म्हटलं म्हणून आम्ही विचारलं नाही. इतके महिने ज्याची वाट पाहिली तो आग्रह एकदाचा झाला. मी म्हटलं, नको, राहू द्या.

आणि या वेळी रुबाब नव्हता. निदान मला तरी नव्हता वाटत.

कापणीआधी जेमतेम चारदोन संध्याकाळी उरल्या आहेत. भाऊला निरोप लिहून ठेवला आहे, पाठवायचा आहे. तो काय उत्तर देईल हे मला दहावीपासून पाठ आहे. फार तर सोबत एवढं म्हणेल की बायांना तिथं सांजच्याला एकटं बसवत नाही, किंवा मी किती वर्षांत मचाणावर चढले नाही ते काढील. पण मचाणावर नको आहे. पोत्यावर चालेल.

भाऊ, कापणीच्या आधी एक सांज राखण मी करू का? तू घरी गरम चहा पी. मी निळी साडी नेसून येते, डुकरांना दिसेन.